नाशिकमध्ये संगीताचं स्वतंत्र नियतकालिक चालू शकतं का?

मंद्रसप्तक
परवा भद्रकालीत एका रद्दीवाल्याकडे 'संगीत कला विहार' या संगीताच्या नियतकालिकाचे सहा जुने अंक मिळाले, किलोच्या भावात. पिना गंजलेल्या, कागद हात लावला की तुटतोय. एका अंकात बिहाग रागाच्या बंदिशीशेजारी कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहून ठेवलंय, "गुरुजी इथे तीव्र मध्यम घेत नाहीत." जुन्या चालीचा बिहाग शुद्ध मध्यमाचाच, तीव्र मध्यम (म्हणजे चढा 'म') नंतर रुळला, हे आपण पुस्तकात वाचतो. इथे कुणीतरी छापील स्वरलिपीशी भांडत बसलं होतं.

मला तेव्हा आमचं त्रैमासिक आठवलं. आम्ही तिघांनी नाशकातून दोन वर्षं चालवलं, सात अंक काढले आणि थांबलो. ६४ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे चार फॉर्मे, वर कव्हर, ३०० प्रती. प्रतीमागे खर्च ८५ रुपये, किंमत १००. स्टॉलवाला ३० ठेवायचा. म्हणजे स्टॉलवर अंक जितका खपेल तितके आम्ही खड्ड्यात! वर्गणीदार पहिल्या वर्षी १४०, दुसऱ्या वर्षी ५२. लेखकांना मानधन शून्य, फक्त दोन प्रती आणि चहा.

तरी पुन्हा काढावंसं वाटतंय. का वाटतंय ते नीट सांगता येत नाही, म्हणून विचारतोय.

रविवार कारंजा
सांगता येत नाही कारण कारणच नाही. गंजलेल्या पिनांचं प्रेम आहे हे. 'एनएमई' हे ब्रिटनचं संगीत साप्ताहिक १९५२ पासूनचं, २०१५ ला फुकट वाटायला लागले, २०१८ ला छापील आठवडी अंक बंद. तिथलंच 'क्यू' मासिक २०२० ला गेलं. लंडनात जे टिकलं नाही ते तुम्ही शालिमारच्या स्टॉलवर टिकवणार? आणि गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशकात आश्रम काढला म्हणून हे संगीताचं गाव आहे, हे कृपया कुणी सांगू नका. कालिदास कलामंदिरात फुकटच्या मैफलीला गर्दी, तिकीट लावलं की पहिल्या चार रांगांत पासवाले आणि मागे पंखे.

तेच २५ हजार कुणा तरुण कलाकाराच्या रेकॉर्डिंगला द्या. निदान काहीतरी ऐकायला मिळेल.

तिहाई
कारंजा, तुमची दोन्ही उदाहरणं मोठ्या कंपन्यांची. दुकान चालेना, मालकाने शटर ओढलं. धागा स्वतंत्र अंकांबद्दल आहे. लंडनचंच 'द वायर' हे संगीत मासिक घ्या. १९८२ चं, विषय म्हणाल तर मूठभरांना कळणारं संगीत. २००० च्या सुमारास तिथल्या कर्मचाऱ्यांनीच ते मालकाकडून विकत घेतलं, अजून छापतात. उलट 'पिचफोर्क' ही अमेरिकेतली संगीत-परीक्षणांची वेबसाइट. १९९६ मध्ये एका पोराने घरून सुरू केलेलं. २०१५ ला कॉन्डे नास्ट या बड्या प्रकाशन कंपनीने घेतलं आणि २०२४ च्या जानेवारीत ते त्यांच्याच 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकात विलीन करत असल्याचं जाहीर झालं. मोठं झालं आणि गिळलं गेलं.

लहान गावाचं म्हणाल तर 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ मध्ये अलाहाबादेतून निघालं. अलाहाबाद! रॉकचं मासिक! तिथून निघू शकतं तर इथून का नाही?

रविवार कारंजा
निघू शकतं. आणि १९९७ पासून त्यांना 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सवही भरवावा लागला, ते पण सांगा. म्हणजे मासिकाच्या जोडीला दुसरा धंदा हवाच. हाथरसचं 'संगीत' १९३५ पासूनचं, काका हाथरसींनी काढलेलं. त्याच्या पाठीशी त्यांचं स्वतःचं संगीतपुस्तकांचं प्रकाशन. 'संगीत कला विहार'च्या पाठीशी गांधर्व महाविद्यालय मंडळ, म्हणजे परीक्षांना बसणारी हजारो मुलं. चेन्नईचं 'श्रुती' मासिक १९८३ चं, पुढे सन्मार उद्योगसमूहाकडे गेलं. जे टिकलं त्याला टेकू होता. ज्याला टेकू नाही ते सात अंकांत आटोपतं. स्वतंत्र आणि दीर्घायुषी, दोन्ही एकदम नाही मिळत हो.

अर्धा तुमान
नोंदणी केली होती का? नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा गेला, आता २०२३ चा आहे, १ मार्च २०२४ पासून लागू. सगळं पोर्टलवर, आधीइतका त्रास नाही. नोंदणी असेल तर टपालात सवलत मिळते, नसेल तर प्रत्येक अंक कुरिअरने पाठवत बसा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालंय. पुन्हा काढलाच अंक तर आधी हे बघा, संपादकीय मागून लिहा.

सिन्नर फाटा
मी तुमचे चार अंक वाचलेत. चांगले होते. ख्याल, नाट्यसंगीत, एक लेख इथल्या सुला फेस्ट या संगीत महोत्सवावर (तोही नाक मुरडून). लोककवी वामनदादा कर्डक आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ ते २००४. त्यांची गाणी आजही भीमजयंतीला वस्तीवस्तीत वाजतात. नाशिक ढोल तर तुमच्या शहराचं नाव घेऊन अख्ख्या देशात वाजतो. ताशाचे हात (वाजवायचे बोल) कुणाकडून आले, ढोलाची पानं (कातडी) कुठे चढवतात, चाल कोण बसवतं, यावर एक ओळ नाही. बावन्न वर्गणीदार का उरले, याचं उत्तर कागदाच्या भावात शोधू नका. एवढ्या मोठ्या जिल्ह्यातली बहुतेक माणसं ज्याला संगीत म्हणतात ते तुमच्या अंकात नव्हतंच.

मंद्रसप्तक
मान्य. ढोलावरचा लेख ठरला होता, लिहिणारा मिळाला नाही. आता वाटतं, लिहिणारा शोधायला आम्ही गंगापूर रोडच्या पलीकडे गेलोच नाही.

जोडपानं
मी त्या तिघांपैकी एक. मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. मंद्र, खर्चाचा हिशोब मांडलास तो बरोबर आहे, पण आपण पैशामुळे थांबलो हे अर्धंच आहे रे. पाचव्या अंकातलं परीक्षण सांग ना.

मंद्रसप्तक
सांगतो. शहरातल्या एका गायिकेच्या मैफलीचं परीक्षण होतं. परीक्षण मीच लिहिलं होतं. पाऊण पान कौतुक, आणि एक वाक्य: "विलंबित रंगण्याआधीच लांबला." (विलंबित म्हणजे संथ लयीचा ख्याल.) अंक आला त्या रविवारी फोन. त्यांनी नाही केला, त्यांच्या एका शिष्येच्या वडिलांनी केला. ते आमच्या मागच्या कव्हरचे जाहिरातदार. आवाज अगदी शांत. म्हणाले, "तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगतो." पुढच्या अंकाला जाहिरात नाही. त्या क्लासमधले एकोणीस वर्गणीदार होते, त्यातला एकही परत आला नाही.

सहावा अंक काढताना मी प्रत्येक परीक्षणातली अशी वाक्यं स्वतःच काढत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. सातवा अंक हातात घेतला तेव्हा तो स्मरणिकेसारखा वाटला. 'सुश्राव्य', 'रसिकांची दाद', 'उत्तम साथ'. चौसष्ट पानं उत्तम साथ.

तिहाई
बापरे. हे आधी लिहायला हवं होतं तुम्ही.

तीनतालाची बाई
मी तीस वर्षं तबला शिकवते. माझीही जाहिरात होती तुमच्या अंकात, पाव पान, दर अंकाला ५००. मला विचाराल तर चूक तुमचीही आहे. गायक, श्रोता, वर्गणीदार, जाहिरातदार, सगळी तीच दोन-तीनशे माणसं, आणि तीच उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसणार. मुंबईचा समीक्षक लिहून लोकलने घरी जातो, तुम्हाला ती बाई कॉलेज रोडला भाजी घेताना भेटणार. हे ठाऊक असून मैफलींची परीक्षणं हा अंकाचा कणा का केलात? बिहागचा मध्यम कसा बदलला यावर लिहा, ताशावर लिहा, जुन्या शिक्षकांच्या मुलाखती घ्या. तिथे भांडण झालं तरी ते विद्येचं होतं.

आणि जाहिरात थांबवली म्हणून रडू नका. पैसे त्यांचे होते. मी नाही थांबवली, पण माझ्याबद्दल तसं छापलं असतंत तर थांबवली नसतीच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

जोडपानं
बाई, पटतं आणि नाहीही. परीक्षण काढून टाकलं की अंक कुणालाच टोचत नाही. मग तो आपला कशाला हवा? गांधर्व मंडळाचा आहेच की.

रविवार कारंजा
म्हणजे माझाच मुद्दा झाला. टेकू घेतला तर त्याचं ऐका, नाही घेतला तर गावाचं ऐका.

तिहाई
कारंजा, सगळं दीर्घायुष्यावरच का मोजायचं? लंडनच्या पंक रॉकवाल्यांचं 'स्निफिन ग्लू' १९७६ मध्ये निघालं. टाइप केलेलं, मथळे स्केचपेनने, झेरॉक्स काढून पिना मारलेल्या. १९७७ मध्ये काढणाऱ्यानेच बंद केलं, खप वाढत असताना! मंद्रसप्तक, चार फॉर्मे कशाला? सोळा पानं काढा, शंभर प्रती, वर्षातून दोनदा. जाहिरात घेऊच नका. म्हणजे फोन यायचा प्रश्नच नाही.

जोडपानं
सोळा पानांचं मुद्रितशोधन मी एका रात्रीत करतो. आधीच कळवून ठेवतो.

सिन्नर फाटा
ताशावर लिहायला माणूस आहे. स्वतः लिहिणार नाही, बोलेल. तुम्हाला पळसे गावाच्या पुढे यावं लागेल, आणि संध्याकाळी सातनंतर, कामावरून आल्यावर.

मंद्रसप्तक
येतो. पुढच्या आठवड्यात चालेल?

रविवार कारंजा
शंभर प्रती. बरं. मी घेणार नाही, आधीच सांगतो.

तीनतालाची बाई
मंद्रसप्तक, त्या पेन्सिलीच्या ओळीचा फोटो टाका. बिहागात तीव्र मध्यम न घेणारे एक गुरुजी आमच्या वाड्यात शिकवायला यायचे. त्यांच्या दोन-तीन शिष्यांची अक्षरं मला अजून ओळखता येतील.