मदत हवी आहे: लायसन्स न्यू जर्सीचं, पकडलं व्हर्जिनियात

एडिसनकर
आय-९५ हायवेवर फ्रेडरिक्सबर्गच्या अलीकडे ट्रूपरने (राज्य पोलिसाने) थांबवलं. लायसन्स सस्पेंड दिसतंय म्हणाला, कागदावर सही घेतली. पुढच्या महिन्यात कोर्ट आहे. ऑनलाइन केस दिसते, पण पैसे भरायची सोयच नाही. दंड किती आणि कुठे भरायचा? वकिलाच्या भानगडीत पडायचं नाहीये. जरा लवकर सांगा.

रानजाई
सस्पेंड कशापायी? कागदावर कलम कोणतं? तुम्ही व्हिसावर की सिटिझन? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

एडिसनकर
मेरीलँडचं जुनं स्पीडिंग तिकीट भरायचं राहिलं होतं. कलम ४६.२-३०१. एच-१बी. दंड किती?

वकीलीण_बाई
सोय नाही, कारण हे नुसतं तिकीट नव्हे, फौजदारी गुन्हा आहे. क्लास १ मिस्डिमीनर, म्हणजे लहान गुन्ह्यांतला सर्वांत गंभीर वर्ग: कमाल १२ महिने कैद, २,५०० डॉलर दंड. पहिल्या खेपेला सहसा दंडावर भागतं. पण हजर राहावंच लागतं. न गेलात तर वॉरंट निघतं आणि गैरहजेरी हा वेगळा गुन्हा होतो. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं नाही, ती फक्त तारखेची हमी. दोषी ठरलात तर व्हर्जिनिया तिच्या हद्दीत गाडी चालवायचा तुमचा हक्क आणखी काही काळ काढून घेते.

बाबूराव७
सोप्पं आहे. भारतातलं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दाखवा. ते कुठे सस्पेंड आहे?

रानजाई
बाबूराव, कृपा करून नको. सस्पेंड होतो तो गाडी चालवायचा हक्क, खिशातलं कार्ड नव्हे.

पुणेरी_चालक
आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८२. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदीमुळे सस्पेन्शन दुसऱ्या राज्यातही दिसतं.

रानजाई
माहितीबद्दल आभार, पण ते पुण्यात नाहीयेत.

टर्नपाईक
आधी मेरीलँडची थकबाकी मिटवा आणि तिथल्या कोर्टाकडून मिटल्याचा कागद घ्या. परराज्यातलं तिकीट थकलं की घरचं राज्य लायसन्स रोखतं, तसा राज्याराज्यांचा करार आहे. (पार्किंगच्या तिकिटाला तो लागू नाही.) तो कागद न्यू जर्सीच्या एमव्हीसीला (तिथल्या आरटीओला) द्या, १०० डॉलर रिस्टोरेशन फी भरा. फी भरली की झालं, असं समजू नका. लायसन्स पूर्ववत झाल्याचं लेखी येईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. नोकरीपुरतं चालवायची सवलत न्यू जर्सी देत नाही. कोर्टाच्या तारखेआधी हे उरकलंत तर तुमचा वकील सरकारी वकिलाकडे ३०१ ऐवजी ४६.२-३०० लावायची मागणी करू शकतो, म्हणजे लायसन्स नसताना चालवणं. तो क्लास २, बराच हलका.

एडिसनकर
पण मला नोटीस आलीच नाही! घर बदललं होतं.

बाबूराव७
मग सुटलात.

टर्नपाईक
इतकं सरळ नाही. पत्ता बदलला की आठवड्यात एमव्हीसीला कळवायचा असतो. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असेल तर दोष तुमच्याकडेच येतो.

वकीलीण_बाई
एमव्हीसीपुरतं बरोबर. पण व्हर्जिनियात ३०१ लागू करायला चालकाला सस्पेन्शनची सूचना होती हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. तिथे मुद्दा उभा राहतो. ट्रूपरला काय बोललात, शब्दशः?

एडिसनकर
"ते क्लिअर झालं असेल असं वाटलं."

वकीलीण_बाई
म्हणजे आधी माहीत होतं, असाच अर्थ निघतो, आणि ते बॉडी कॅमेऱ्यावर असेल. आता वकील घ्याच, त्याच काउंटीत रोज उभा राहणारा. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत वरच्या, म्हणजे सर्किट कोर्टात अपील होतं, खटला नव्याने चालतो. आणि इमिग्रेशन वकिलाला आत्ताच सांगा. डीएस-१६० या व्हिसा अर्जात अटक आणि शिक्षेचा थेट प्रश्न आहे.

एडिसनकर
बरं. खाली अजून एक कागद आहे, त्यावर ४६.२-८६२ लिहिलंय. तो वेगाचा किरकोळ दंड ना?

टर्नपाईक
अहो, हे आधी सांगायचं! ते रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंग: मर्यादेपेक्षा २० मैल किंवा जास्त, नाहीतर ताशी ८५ मैलांच्या वर. तोही क्लास १ मिस्डिमीनर. वेग किती लिहिलाय?