गाड्या नकोच असतील तर कासेंतीनो

इटलीत सायकल चालवण्याबद्दल वर कुणीतरी 'तोस्कानाचे पांढरे कच्चे रस्ते म्हणजे गाड्यांपासून सुटका' असं लिहिलंय, त्याला थोडी पुस्ती जोडतो. तोस्कानातल्या क्यांती या द्राक्षमळ्यांच्या भागातले ते रस्ते देखणे आहेतच, १९९७ पासून एरोइका ही जुन्या सायकलींची फेरी तिथूनच निघते. पण त्यावर द्राक्षमळेवाल्यांच्या आणि पर्यटकांच्या गाड्या चालूच असतात. उन्हाळ्यात एक गाडी गेली की तोंडात धूळ. सावलीही बेताचीच.

खरी शांतता हवी तर तोस्कानातल्याच आरेझ्झो शहराच्या उत्तरेला कासेंतीनोचं जंगल गाठा. मांद्रिओली खिंडीकडच्या कांचेल्लीनोहून ला लामाला उतरणारा खडीचा रस्ता खासगी गाड्यांना बंद आहे. गाड्या अडवणारा आडवा दांडा ओलांडला की दोन्ही बाजूंना बीच आणि फरची झाडं. कासेंतीनोतल्या कामाल्दोली मठाभोवतीचं फरचं जंगल तिथल्या साधूंनी शतकानुशतकं राखलेलं. जवळच सास्सो फ्रातीनो आहे, १९५९ पासून कडक राखीव जंगल. तिथे पायी जायलाही बंदी, सायकलचं नावच सोडा.

जाताना उतार, म्हणजे परतताना तेवढाच चढ, हे धरून पाणी घ्या. टायर चाळीस मिलिमीटरच्या आतले नकोत. ऑक्टोबरअखेर बीचची पानं गळून दगड झाकतात आणि पुढचं चाक अलगद सरकतं. सप्टेंबरअखेर बरं, तेव्हा संध्याकाळी हरणांचे नर जंगलभर डुरकत असतात. पहिल्यांदा ऐकणारा हमखास दचकतो!

शाकाहारींसाठी: दगडी लादीवर भाजलेले बटाट्याच्या सारणाचे तोर्तेल्ली (सारण भरलेला पास्ता) जरूर खा, पण सारणात डुकराची चरबी आहे का ते आधी विचारा.