जानेवारीत वाई-महाबळेश्वर-सातारा: आईबाबांसोबत चार-पाच दिवस कसे आखावेत?

पायवाट

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईबाबा आणि आमची तिसरीतली लेक यांना घेऊन सातारा जिल्हा बघायचा आहे. आम्ही विदर्भातले. पुण्यापर्यंत रेल्वेने येऊ आणि तिथून चालकासह गाडी करू. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना प्रतापगड कधीचा बघायचाय. आईचे गुडघे दुखतात. वीस-पंचवीस पायऱ्या हळूहळू चढते, त्यापुढे नको म्हणते. एका ट्रॅव्हलवाल्याने आराखडा दिलाय, त्यात सगळे मुक्काम महाबळेश्वरला आणि रोज सात-आठ पॉइंट. मला ते काही पटलं नाही. डोंगरातली गावं, जुने वाडे, घाट, देवळं असं निवांत बघायचं आहे. मुक्काम कुठे करावेत? काय सोडलं तर चालेल? राहण्याची साधी, स्वच्छ सोय पुरे.

कृष्णाकाठ

पायवाटताई, आराखडा पटला नाही हे बरंच झालं. मी वाईचा आहे, त्यामुळे थोडा पक्षपात होईल, पण मनापासून सांगतो: मुक्काम वाईत आणि साताऱ्यात करा आणि सगळी सहल कृष्णेच्या काठाने आखा. क्षेत्र महाबळेश्वरला उगम, मग धोम, मेणवली, वाई, लिंब आणि शेवटी साताऱ्याजवळचं माहुली. जुनी गावं, देवळं, वाडे सगळे या एका नदीने बांधलेले आहेत. एकेका पॉइंटवरून दरी बघून हे कळत नाही, काठाने गेलं की आपोआप उलगडत जातं.

पहिला दिवस वाईला द्या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. मूर्ती अखंड दगडातली आहे आणि 'ढोल्या' हे नाव तिला शोभतं. दर्शन झालं की देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जा. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. बाबांना ती नक्की दाखवा. शेजारी काशीविश्वेश्वर. संध्याकाळी आईला घाटाच्या वरच्याच पायरीवर बसवा, खाली उतरायची गरज नाही. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं ते हे गाव, हे बाबांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आहे, सहा चौकांचा. भिंतींवर जुनी चित्रं आहेत. खोल्यांत अंधार असतो, डोळे सरावले की हळूहळू दिसू लागतात. घाई करू नका. मागे घाट, आणि तिथे एका छोट्या देवळीत मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हाची ही घंटा, असं सांगतात. तिथून पुढे धोम. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं. लेक तिथून लवकर हलणार नाही.

तिसऱ्या दिवशी पसरणी घाट चढून पाचगणी, भिलार, क्षेत्र महाबळेश्वर. बाजारपेठेतल्या गर्दीत शिरू नका, सरळ जुन्या महाबळेश्वरला जा. पंचगंगेच्या देवळात सगळे जातात, पण तिथून थोडं चालून कृष्णाबाईच्या देवळात फार थोडे. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, शांत देऊळ आहे. गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत असते आणि समोर आख्खं कृष्णेचं खोरं उघडं. आधी वाई बघून मग इथे यायचं ते यासाठीच: दोन दिवस जिच्या काठाने फिरलात ती नदी इथे हाताच्या जाडीची दिसते.

घाटवाट

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत, फक्त एक भर. पुण्याहून वाईला महामार्गाने, खंबाटकी घाटाने जाण्याऐवजी भोरवरून या. वेळ जास्त लागतो, पण रस्ता सुंदर आहे. भोरला पंतसचिवांचा राजवाडा बाहेरून बघा, पुढे आंबवड्याला नागनाथाचं देऊळ आणि ओढ्यावरचा झुलता पूल, मग मांढरदेवीचा घाट उतरून थेट वाईत. मात्र पौष पौर्णिमेला तिथे, मांढरदेवीला, काळूबाईची मोठी यात्रा भरते. जानेवारीत येताय तर कॅलेंडर उघडून तारीख बघा, आणि यात्रेच्या आगेमागे असाल तर हा रस्ता अजिबात घेऊ नका, महामार्गच बरा.

रायरेश्वर मात्र या खेपेला सोडा. पठारावर गाव आहे, शिवरायांच्या शपथेची परंपरा आहे, माझी तर ती सर्वांत आवडती जागा. पण चढ आहे आणि पुढे लोखंडी शिडी. आईंना खाली गाडीत बसवून तुम्ही वर जाणार, यात काही मजा नाही.

प्रतापगडाबद्दल. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना जमणार नाहीत हे आधीच धरून चाला. पण बाबांना न्याच. 1659 च्या पावसाळ्यात अफझलखानाचा तळ वाईला होता, तिथून तो जावळीच्या जंगलात उतरला आणि 10 नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी भेट झाली. तुम्ही वाईहूनच निघणार, म्हणजे शिक्षकी डोळ्यांना सगळा डाव नकाशाशिवाय समजेल. खानाला एवढ्या अडचणीत का ओढलं, हे बुरुजावरून जावळीकडे बघितल्यावर जसं कळतं तसं वर्गातल्या फळ्यावर कळत नाही. क्षेत्र महाबळेश्वर आणि प्रतापगड एकाच दिवशी कोंबू नका. हवं तर त्या एकाच रात्री वर राहा.

सातारची_सून

त्या एका रात्रीसाठी भिलार बघ गं पायवाट. 'पुस्तकांचं गाव' म्हणून 4 मे 2017 ला सुरू झालं. घराघरांत, देवळांत विषयवार मराठी पुस्तकं मांडलेली आहेत. कोणीही आत जाऊन वाचत बसावं, पैसे नाहीत. गावात राहण्याची घरगुती सोय मिळते. इतिहासाच्या पुस्तकांचं घर वेगळं आहे, तेव्हा बाबांना तिथून उठवायला वेळ धरून ठेव. जानेवारी म्हणजे स्ट्रॉबेरीचा ऐन हंगाम. रस्त्याकडेच्या स्टॉलपेक्षा शेतावर विचार. पिकलेलं फळ देठापर्यंत लाल असतं, देठाशी पांढरं असलं तर घेऊ नको. आणि पहाटे थंडी चांगलीच पडते, आईंसाठी कानटोपी, शाल हाताशी असू दे.

आता आमच्या साताऱ्याचं. वाईहून साताऱ्याला येताना महामार्ग सोडून लिंबला वळा, बारा मोटांची विहीर बघायला. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधवून घेतली. वरून शिवपिंडीसारखी दिसते आणि विहिरीच्या पोटातच छोटा महाल आहे. आत उतरताना पायऱ्या आहेत, पण आईंना वरच्या काठावरूनसुद्धा बरंच दिसेल. मोटा चालायच्या ती दगडी जागा वरच आहे. काठाला सगळीकडे कठडा नाही, लेकीचा हात धरून ठेव.

मग माहुली. कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून येतात आणि इथे भेटतात. काठावर जुनी देवळं आणि समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे, लेकीला ती जास्त आवडेल. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

जेवणात वाघ्या घेवड्याची आमटी आणि भाकरी मिळाली तर सोडू नका, कोरेगाव भागातला घेवडा वेगळाच. कंदी पेढे निघायच्या दिवशी घे, ताजे न्यायला बरे.

पायवाट

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना वाचून दाखवलं, ते खान आणि जावळीवर अर्धा तास बोलत होते. आता असं ठरतंय: भोरमार्गे वाई आणि तिथे दोन रात्री, भिलारला एक, साताऱ्याला एक. प्रतापगडावर बाबांना घेऊन आम्ही आणि लेक जाऊ, आई भिलारमध्ये पुस्तकं वाचत थांबेल म्हणते. शेवटच्या दिवशी कास की सज्जनगड?

कृष्णाकाठ

कास जानेवारीत नको. फुलांचा बहर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, नंतर पठार सुकलेलं असतं. सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, तरी पुढे दोनशेच्या आसपास पायऱ्या उरतात. आईंना समर्थांच्या समाधीचं दर्शन हवंच असेल तर सकाळी लवकर जा, बसत-थांबत चढा. नसेल तर सोडा.

सातारची_सून

मी म्हणेन औंध. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सव्वा-दीड तास. डोंगरावरच्या यमाईपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे आईंना देवदर्शनही होतं. त्याच डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. राजा रविवर्मांची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं 'माता आणि मूल' हे शिल्प, तेही एवढ्याशा गावात! याच बाळासाहेबांनी 1939 मध्ये आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. बाबांसाठी प्रतापगडाइतकंच महत्त्वाचं ठिकाण आहे हे. फक्त संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते आधी विचारून घे आणि त्याप्रमाणे दिवस मागेपुढे कर.

पायवाट

औंध पक्कं. आईला यमाई आणि बाबांना रविवर्मा, दोघंही खूश. पौष पौर्णिमेची तारीख बघितली, आम्ही त्याच्या आठवडाभर नंतर पोचतोय, त्यामुळे भोरचा रस्ताही पक्का. वाईत घाटाजवळ राहायची चांगली सोय कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तळमजल्याची खोली हवी.