अनुभव हवेत: भाड्याने देतो त्या घरात पाहुण्यांची अंथरुणं कशी घालता?

नमस्कार मंडळी. सासूबाईंचं गुहागरचं घर या दिवाळीपासून पर्यटकांना राहायला द्यायचं ठरवलंय. दोन खोल्या, माजघर, पडवी. रंग झाला, गिझर बसला, कमोड बसला, आणि जे सगळ्यात सोपं वाटलं होतं तिथेच गाडी अडकलीय, अंथरुणं. घरात सहा कापसाच्या गाद्या आहेत आणि सासूबाईंच्या जुन्या नऊवारी साड्यांच्या चार गोधड्या. नवरा म्हणतो ते सगळं माळ्यावर टाक, पलंग आणि फोमच्या गाद्या घेऊ, वर पांढऱ्या चादरी, फोटोत छान दिसतं. सासूबाई म्हणतात थकून आलेल्या माणसाला कोरडं आणि स्वच्छ अंथरूण मिळालं की तो दुसरं काही बघत नाही. मला दोघांचंही पटतं म्हणून विचारतेय. जे खरंच घर भाड्याने देतात किंवा अशा घरात राहून आलेत त्यांनी काय घातलं, काय बदललं, कशाचा पश्चात्ताप झाला ते लिहा. थोडक्यात नको, सविस्तर लिहा.

तारकर्लीहून

आमच्याकडे चार खोल्या, आठ वर्षं झाली. सुरुवातीला मीही गडद रंगाच्या फुलाफुलांच्या चादरी घेतल्या होत्या, डाग दिसू नयेत म्हणून, आणि तीच चूक झाली. डाग दिसत नाही म्हणजे मलाच दिसत नाही, पाहुण्याला बरोबर दिसतो. आता सगळं पांढरं. पांढऱ्याचा खरा फायदा दिसण्यात नाही, धुण्यात आहे, सगळ्या चादरी, अभ्रे एकत्र गरम पाण्यात टाकता येतात, रंग लागायची भीती नाही. पाहुणे मासे-सोलकढी जेवून तसेच आडवे होतात, हळदीचा डाग हमखास. साबण लावला की तो लालभडक होतो, घाबरायचं नाही, धुवून ओलीच कडक उन्हात टाकायची, दोन दिवसांत ऊन तो पिवळेपणा खाऊन टाकतं. केसांचं तेल आणि मेंदी मात्र जात नाही, म्हणून प्रत्येक उशीला आत एक साधं कव्हर आणि वर अभ्रा असं दुहेरी घालते. आणि रेती! समुद्रावरून आल्यावर पाय धुवायला अंगणात नळ आणि दारात जाड पायपुसणं ठेवा, नाहीतर कितीही झटका, रेती गादीच्या शिवणीत जाऊन बसते.

महाबळेश्वरहून

पावसाळ्यात आमच्याकडे चादर आठ-आठ दिवस वाळत नाही. जाड कॉटन विसरा. कॉटन-पॉलिस्टर मिक्स लवकर वाळतं, थोडं कमी मऊ लागतं पण कुबट वास येत नाही. एका पलंगामागे तीन सेट पुरतात असं सगळे सांगतात, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात मी पाच ठेवते. गाद्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल गादीत शिरते आणि मागच्या बाजूने बुरशी धरते, हे मला तीन गाद्या फेकून दिल्यावर कळलं. पलंगाला पट्ट्यांचा तळ घ्या, सपाट प्लायवूड नको, खालून हवा खेळली पाहिजे.

अलिबागजवळून, घरं सांभाळणारी

मी मालकीण नाही, तीन बंगल्यांत अंथरुणं घालायचं काम माझं आहे, म्हणून माझंही ऐका. ११ वाजता एक ग्रुप जातो, १ वाजता दुसरा येतो, मधल्या दोन तासांत मला दहा पलंग करायचे असतात. मालक लोक खोली मोठी दिसावी म्हणून पलंग दोन बाजूंनी भिंतीला चिकटवतात, मग मला पलंगावर गुडघ्यावर चढून कोपरा खोचावा लागतो, कंबर जाते आणि चादर परत चुरगळते ती वेगळीच. दीड फूट जागा सोडा भिंतीकडून. दुसरं म्हणजे चादरीचं माप. दुकानदार डबल म्हणून ९० बाय १०८ इंच देतो. गादी ७२ रुंद, ७८ लांब, ६ इंच जाड. रुंदीला ७२ आणि दोन्हीकडचे सहा-सहा धरून ८४ झाले, म्हणजे खाली खोचायला एका बाजूला तीनच इंच, आणि पहिल्या धुण्यात कॉटन आटलं की तेही गेले. पाहुणा एकदा कुशीवर वळला की सकाळी चादर मधे गोळा. १०८ बाय १०८ च घ्या. आणि सिंगल-डबलच्या घड्या सारख्याच दिसतात, मी कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका मारून ठेवते, लाल सिंगल, निळा डबल, उघडून बघावं लागत नाही.

पुण्याहून, नेहमी राहायला जाणारी

आम्ही दर वर्षी आईबाबांना घेऊन कोकणात जातो. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एका ठिकाणी खोली सुंदर, कौलारू, शेणाने सारवलेली, पण गाद्या जमिनीवर. रात्री दोनदा बाथरूमला उठायचं म्हणजे मी आणि भाऊ दोघांनी धरून उठवायचं, बाबा शेवटी खुर्चीत बसूनच झोपले. त्यांचा तो चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. बाकी कितीही गाद्या खाली घाला, पण घरात निदान एक पलंग असू द्या, दीड फूट उंचीचा, आणि तसं आधीच लिहून ठेवा. तसंच दोन सिंगल पलंग जोडून डबल करत असाल तर मधली फट बुजवा, जाड रजई घडी करून आडवी घातली तरी चालतं, आमचं दोन वर्षांचं पोर त्यात अडकलं होतं.

लंडनहून

इथे मी वरची खोली भाड्याने देते. एकच जाड पांघरूण सगळ्यांना चालेल असं वाटत होतं. इथे पांघरुणाची ऊब टॉगमध्ये मोजतात, उन्हाळ्याला ४.५, थंडीला १३.५, आणि १०.५ बऱ्यापैकी वर्षभर चालतं. पण भारतातून आलेल्या नातेवाईकांना हीटिंग लावलेल्या खोलीत त्यात घाम फुटायचा आणि नुसत्या चादरीत थंडी वाजायची. आता पायथ्याशी एक सोलापुरी चादर घडी करून ठेवते. गंमत म्हणजे इंग्लिश पाहुणे तीच आधी उचलतात, नक्षी निरखून बघतात. जोडप्यांना एका दुहेरी दुलईऐवजी दोन वेगवेगळ्या दिल्या तर रात्रीची ओढाओढी संपते, जर्मनीत बऱ्याच ठिकाणी तशीच पद्धत आहे, आम्हाला तिथून कळलं.

पंढरपूरहून

आमचा अनुभव अगदी वेगळा. आषाढीला आमच्या घरात ४० माणसं उतरतात. वारकरी अंथरूण-पांघरूण स्वतःचं आणतात, त्यांना तुमची गादी नको असते. जमीन स्वच्छ पुसलेली, वर कोरडी सतरंजी, ओले कपडे टाकायला दोरी आणि पंखा, बास. सतरंज्या आदल्या आठवड्यात सगळ्या धुवून वाळवतो. माउली दमून येतात हो, त्यांच्या पाठीखाली खडा लागता कामा नये एवढं आम्ही बघतो.

गोव्याहून

ढेकणांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून मी लिहितो, लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात, ते पाहुण्यांच्या बॅगेतून येतात, घाणीमुळे होत नाहीत. आमच्याकडे एका खोलीत आले आणि मला कळायला महिना लागला, कारण पाहुण्याला वाटलं मच्छर चावले. आता दर वेळी चादर काढली की गादीची शिवण चारही बाजूंनी बोट फिरवून आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघतो, काळे बारीक ठिपके दिसले की ती खोली बंद. कपडे ६० अंशाच्या पाण्यात धुतो. खाणंपिणं नसलं तरी ढेकूण महिनोन्‌महिने जगतो, म्हणून खोली नुसती रिकामी ठेवून भागत नाही. बॅग ठेवायला पायथ्याशी लाकडी स्टूल किंवा बाक द्या, मग लोक बॅग पलंगावर टाकत नाहीत. गादीला चेनचं पूर्ण कव्हरही घ्या, वॉटरप्रूफ असेल तर लहान मुलांचंही टेन्शन जातं.

सावंतवाडीहून

उशांचं राहिलं. फायबरच्या उशा सहा महिन्यांत चपट्या होतात. आमच्याकडे सावरीच्या कापसाच्या आहेत, हलक्या आणि थंड, पण पाण्यात घालायच्या नाहीत, नुसतं ऊन दाखवायचं. प्रत्येक माणसाला दोन द्या, एक जाड एक पातळ. मान दुखली की माणूस सगळी सहल विसरतो आणि तेवढंच लक्षात ठेवतो.

गुहागरहून, धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. तारकर्लीच्या ताईंचा अंगणातला नळ आणि अलिबागच्या ताईंचं माप दोन्ही वहीत उतरवून घेतलं. पुण्याच्या ताईंचं वाचून नवऱ्यालाही वाचून दाखवलं, आणि आम्ही परवा दोघं दोन रात्री त्या खोलीत पाहुण्यासारखे झोपून आलो. फोमची गादी एक नमुन्याला आणली होती, त्यावर मला रात्री पाठ गरम झाल्यासारखी वाटली आणि त्याला कापसाच्या गादीत मधे खळगा लागला. म्हणजे गाद्यांचा कापूस पिंजून घ्यायलाच हवा. असं ठरलंय की दोन खोल्यांत भिंतीपासून सुटे पलंग, खाली कॉयरची म्हणजे नारळाच्या काथ्याची गादी आणि वर पिंजलेली कापसाची पातळ गादी, १०८ च्या पांढऱ्या चादरी. माजघरात जास्तीची माणसं आली तर खाली गाद्या. गोधड्या अंथरायच्या नाहीत, पांघरायला पायथ्याशी. त्यांना वरून मऊ सुती खोळ शिवतेय, म्हणजे धुताना फक्त खोळ काढायची आणि सासूबाईंच्या साड्यांवर दर पाहुण्यामागे पाणी पडणार नाही.

आता एकच अडचण. पूर्वी दारावर येणारे पिंजारी यंदा फिरकलेच नाहीत. गुहागर, शृंगारतळी, चिपळूण या बाजूला गाद्या पिंजून देणारं कुणी असेल तर कळवा, सहा गाद्या आणि आठ उशा आहेत, आणि पाऊस थांबला की लगेच द्यायच्या आहेत.