'बायोसिक्युरिटी'ला जैवसुरक्षा म्हणावं का?

मूळ विचारणा
नागपुरातल्या एका बैठकीचं टिपण मराठीत करतेय. विषय: साथरोग रोखण्यासाठी वेगवेगळ्या संस्थांनी मिळून काम करणं. 'बायोसेफ्टी'ला जैवसुरक्षा रूढ आहे, पण पुढच्याच ओळीत 'बायोसिक्युरिटी' आलीय. तिला काय म्हणू? आणि 'कोलॅबरेशन' म्हणजे सहकार्य, सहयोग की समन्वय?

प्रयोगशाळावाला
दोन्हींना एकच शब्द नको. हातमोजे, मास्क, नमुने हाताळायची बंदिस्त कपाटं हे सगळं चुकून कुणाला लागण होऊ नये म्हणून; ती बायोसेफ्टी. फ्रीजरला कुलूप, चावीची नोंद, कुपी चोरीला जाऊ नये, कुणी मुद्दाम गैरवापर करू नये, ही बायोसिक्युरिटी. पहिलीत जंतूंपासून माणसं वाचवायची, दुसरीत माणसांपासून जंतू सांभाळायचे.

पशुवैद्यक, काटोल रोड
कुक्कुटपालनात आणखी वेगळं. शेडच्या दारात जंतुनाशकात पाय बुडवायचे, बाहेरची गाडी आत घ्यायची नाही, रानपाखरांसाठी जाळी लावायची. रोग बाहेरून आत येऊ द्यायचा नाही, एवढाच अर्थ. शेडवाले सरळ "बायोसिक्युरिटी पाळून राहिलो" म्हणतात.

धंतोलीकर
मग 'जैवबंदोबस्त' का नको? पहारा, नाकाबंदी, आधीची तयारी, सगळं त्यात येतं.

पशुवैद्यक, काटोल रोड
येतं हो. पण 'मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा' हेही आपणच म्हणतो. बर्ड फ्लूच्या दिवसांत पत्रकावर हा शब्द दिसला तर पोल्ट्रीवाल्याला वाटेल, कोंबड्या मारायलाच आले!

धंतोलीकर
हे मान्य. मागे घेतला.

वनखात्यातून निवृत्त
'कोलॅबरेशन'ला समन्वयच लिहा. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात डिसेंबर २०२४च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट दगावले. प्राणिसंग्रहालय वन विकास महामंडळाचं, नमुने तपासले भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं, निदान आलं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. आता माणसांवर लक्ष ठेवायचं तर ते काम आरोग्य खात्याचं. इथे कुणी कुणाला 'मदत' करत नाही. आपापलं काम एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं. सहकार्यात मदतीचा सूर आहे, सहयोग समारंभाच्या पत्रिकेवर शोभतो. आणि चुकून 'सहकार' लिहाल तर लोकांना पतसंस्था आठवेल.

जाता जाता: 'वन हेल्थ' असं देवनागरीत लिहू नका. वनभवनाच्या, म्हणजे वनखात्याच्या मुख्यालयाच्या, गावात त्याचा अर्थ जंगलाचं आरोग्य असाच लागेल. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार, हे त्यातून कळत नाही. ११ डिसेंबर २०२२ला याच कामासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी नागपुरात झाली, तेव्हा हा शब्द इथे वारंवार लागणार. 'एक आरोग्य' थोडं अवघडल्यासारखं वाटतं, पण गैरसमज तरी होत नाही.

प्रयोगशाळावाला
'संक्रामक' आणि 'सांसर्गिक' हेही एकमेकांच्या जागी वापरू नका. जनावरांच्या रोगांवरच्या २००९च्या कायद्याच्या नावात दोन्ही शेजारी आहेत. धनुर्वात जंतूंमुळेच होतो, पण एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे तो संक्रामक आहे, पण सांसर्गिक नाही.

मूळ विचारणा
तर वाक्य असं करतेय: "प्रयोगशाळांतली जैवसुरक्षा आणि रोगजंतूंचा शिरकाव, चोरी व गैरवापर रोखण्याची व्यवस्था, म्हणजे बायोसिक्युरिटी, यासाठी आरोग्य, पशुसंवर्धन व वन विभागांचा समन्वय." लांब झालंय, पण कुलूप आणि हातमोजे वेगळे राहिले.

धंतोलीकर
'रोगजंतूं'त विषाणू आले का?

प्रयोगशाळावाला
बोलताना येतात. टिपणात 'रोगकारक' लिहा.