प्रतिसाद: संयम उपजतच असतो का?

संयम आणि समभाव हे शिक्षकाचे गुण उपजतच असावे लागतात, बी.एड. करून ते येत नाहीत, या मताशी मी अंशतःच सहमत आहे. स्वभाव पालटत नसेलही. पण वर्गातला संयम हा बराचसा सवयीचा भाग आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असे दिसले. ही वेळ ३ सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. मुंबईत, जिथे घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेले असते, तिथे या थांबण्याचे मोल अधिकच, कारण उत्तर ठाऊक असूनही त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो. (भरगच्च वर्गात, अभ्यासक्रम संपवायची घाई असताना, थांबणे जिवावर येते हे मान्य.) समभावाचे म्हणाल, तर स्वतःचा एखादा तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, आपण कोणाकोणाची नावे घेतो हे घरी निवांत ऐकावे, पुढच्या बाकांवरचीच चार-पाच नावे पुन्हापुन्हा आली, तर पुढच्या आठवड्यात प्रश्न कोणाकडे न्यायचे ते कळते. शिक्षा न करणे हा मात्र स्वभावावर सोडण्याचा विषयच नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केलेली आहे.