शब्दचर्चा : ‘मुक्तस्रोत’ कशाला म्हणावे?

प्रश्न : एखाद्या कंपनीने आपले एआय मॉडेल सर्वांना डाउनलोड करू दिले की मराठी बातम्यांत ते कधी ‘मोफत’, कधी ‘खुले’, तर कधी ‘मुक्तस्रोत’ ठरते. हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत. ‘मोफत’ किमतीविषयी सांगतो आणि ‘मुक्त’ परवानगीविषयी. इंग्रजीतील ‘फ्री’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत असल्यामुळे, १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना आपल्याला किंमत नव्हे तर स्वातंत्र्य अभिप्रेत आहे, हे पुढे वर्षानुवर्षे समजावून सांगावे लागले. १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला, त्यामागेही हाच घोटाळा टाळण्याचा हेतू होता. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आयते असताना तो घोटाळा आपण ओढवून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

‘मुक्तस्रोत’ हा बहुव्रीही समास आहे : ज्याचा स्रोत मुक्त आहे ते. म्हणजे स्रोत (सॉफ्टवेअर ज्यातून घडते तो मूळ मजकूर, अर्थात सोर्स कोड) हाती असला पाहिजे आणि तो वापरण्याची, बदलण्याची व पुढे वाटण्याची मोकळीकही असली पाहिजे. यातील एक पद गळाले तरी शब्द लागू पडत नाही. रेडिस या डेटाबेसचे उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावरही सोर्स कोड पूर्वीसारखाच वाचता येत होता. परंतु क्लाउड सेवा म्हणून तो इतरांना पुरवण्यावर बंधने आली. तेव्हा स्रोत होता, पण तो मुक्त राहिला नव्हता. (मे २०२५ मध्ये एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय मिळाल्यावर तो पुन्हा मुक्तस्रोत झाला.) याउलट जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डीपसीक आर-१ या एआय मॉडेलचे वेट्स (शिकताना मॉडेलमध्ये ठरत गेलेले आकडे) एमआयटी परवान्याखाली, म्हणजे जवळजवळ विनाअट मिळाले, मात्र ज्या विदेवर (डेटावर) ते शिकवले गेले ती प्रसिद्ध झाली नाही. तेथे मुक्तता आहे, पण स्रोत अपुरा आहे, म्हणून त्याला ‘मुक्त वेट्स असलेले मॉडेल’ म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. मेटाच्या लामा २ मॉडेलला तर तेही म्हणता येणार नाही, कारण ज्या कंपन्यांचे मासिक वापरकर्ते ७० कोटींहून अधिक होते त्यांना वेगळी परवानगी मागावी लागे.

लेखनाविषयीही एक सांगणे आवश्यक आहे. ‘स्त्रोत’ हे रूप सर्रास दिसते, पण ते अशुद्ध आहे. वाहणे या अर्थाच्या ‘स्रु’ धातूपासून ‘स्रोत’ झाला असून त्याच्या पहिल्या अक्षरात ‘त’ नाही.

उपप्रश्न : मूळ शब्दात ‘ओपन’ असताना ‘खुलास्रोत’ का नको? तो अधिक नेमका नाही का?

उत्तर : ‘ओपन युनिव्हर्सिटी’साठी आपण ‘मुक्त विद्यापीठ’ म्हणतो, त्यामुळे ‘ओपन’ला ‘मुक्त’ हा पर्याय मराठीत आधीच रुळलेला आहे. शिवाय ‘खुला’ म्हटल्यावर उघडे दार डोळ्यांसमोर येते. आत डोकावता येते एवढेच त्यातून कळते, आतले उचलून नेता येते की नाही हे कळत नाही. म्हणूनच रेडिसच्या त्या मधल्या अवस्थेसाठी, जिथे कोड वाचता येत होता पण हवा तसा वापरता येत नव्हता, मी ‘खुला’ हा शब्द राखून ठेवीन.